अंधाराचे शौकीन

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरची हवा गोड होते आणि जराशी आंबते. सकाळी वारा कारखान्यांकडून आला तर मळीचा उग्र दर्प येतो. दुपारी कुठेतरी पाचट पेटवतात आणि राखेचे काळे धागे तरंगत येऊन गच्चीत उतरतात. संध्याकाळी गुऱ्हाळाच्या बाजूने उकळत्या रसाचा जड वास येतो आणि भूक नसतानाही तोंडाला पाणी सुटतं. परवा दोरीवरच्या साडीवर बसलेली राख फुंकरीने उडवत होते, तेवढ्यात फोनवर मोहिते सरांचा संदेश आला. पाठवलेला त्यांनी नव्हे, त्यांच्या कुणा भक्ताने. 'काळोखाकडे कसं पाहावं: नवख्या प्रेक्षकांसाठी फिल्म न्वारची वाट.' न्वार म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतले ते सावल्यांचे, गुन्ह्यांचे कृष्णधवल अमेरिकी चित्रपट.

मी तो पूर्ण वाचला. तिटकाऱ्याच्या गोष्टी मी नेहमी पूर्ण वाचते. आधी कोणता चित्रपट पाहावा, मग कोणता, कोणता घाईने पाहू नये, कोणता पाहताना खोलीत एकच दिवा ठेवावा आणि तोही डावीकडे. कॉफी कडू असावी. मोबाइल दूर असावा. चित्रपट संपल्यावर लगेच बोलू नये, 'अंधार आत मुरू द्यावा'. लोणचं मुरतं तसा.

हे लेखन वाचून कुणी नवखा माणूस या चित्रपटांकडे वळेल असं मला वाटत नाही. वळलाच तर तो चित्रपट बघणार नाही, चित्रपट बघणाऱ्या स्वतःला बघेल. अशा वाटाड्यांचा धंदा तोच असतो. ते माणसाला दारापर्यंत नेतात आणि दारातच उभे राहून बोलत बसतात.

मला हे ठाऊक आहे, कारण तसाच एक हंगाम मी सरांच्या हाताखाली काढलेला आहे.

शाहूपुरीत गुळाच्या एका जुन्या गोदामावर लांबट खोली होती. रविवारी दुपारी तिथे सरांचं मंडळ जमायचं. सर महाविद्यालयातून निवृत्त झालेले, मीही त्याच महाविद्यालयात इतिहास शिकवते, म्हणून ओळख. खिडक्यांना काळं कापड लावायचं, त्यावर गोणपाट, तरीही दुपारचं ऊन कुठून तरी घुसायचंच. पडद्यावर कुठल्या तरी परक्या शहरात पाऊस पडतोय, ओल्या रस्त्यात दिव्यांची प्रतिबिंबं हलतायत, हॅट घातलेला एक माणूस कोपऱ्यावर उभा राहून काडी पेटवतोय; आणि खालून ताज्या गुळाचा वास येतोय, बाहेरून उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून चाललाय. त्या माणसाला तिथे खून करायचा असायचा आणि इथे काच थरथरत असायची ढोलकीने. मला ते फार आवडायचं. सरांना नाही. ते उठून खिडकीतून ट्रॅक्टरवाल्यावर ओरडायचे. ट्रॅक्टरवाल्याला अर्थातच ऐकू जायचं नाही.

मंडळात डॉक्टर होते, दोन इंजिनिअर होते, एक वकीलसाहेब, त्यांची पत्नी, आणि रेशमी कुर्ता घालून येणारे एक चित्रकार, ज्यांचं चित्र कुणी पाहिलेलं नव्हतं. सर मधेच चित्रपट थांबवायचे. जिन्याच्या कठड्याची सावली भिंतीवर पडली की थांबवायचे. "बघा, तुरुंग," असं म्हणायचे. प्रत्येक कठडा तुरुंग. प्रत्येक आरसा दुभंगलेलं मन. प्रत्येक पाऊस पश्चात्ताप. मग सगळे माना हलवायचे आणि चित्रपट पुन्हा सुरू व्हायचा, पण तोवर त्याचा जीव गेलेला असायचा.

एक माणूस मात्र मान हलवायचा नाही, कारण तो झोपलेला असायचा. अण्णाप्पा, त्या इमारतीचे मालक. कापडाचे व्यापारी, मूळचे निपाणीकडचे, घरात कन्नड आणि दुकानात मराठी बोलणारे. खोली त्यांची म्हणून ते येत, आणि खोलीत दुपारचा अंधार असे म्हणून झोपत. 'न्वार' हा शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी 'नवार' करून टाकला होता. खाटेला विणतात ती पट्टी. "आज कुठली नवार?" असं विचारत ते मागच्या खुर्चीत पाय पसरायचे, आणि थोड्याच वेळात घोरायला लागायचे. सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटायचं ते कुठल्याही चित्रपटातल्या खलनायकाला शोभलं असतं.

राजश्री तिथे कशी आली हे तिनेच मला सांगितलं. ती हुपरीची. नवऱ्याच्या घरचं पैंजणांचं काम, घरातच कारखाना, भट्टी मागच्या पडवीत. नवरा कावीळ होऊन गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती कोल्हापूरला वसतिगृहात राहून शिकत होती. राजश्री रविवारी सकाळी डबा घेऊन तिला भेटायला यायची. भेटीची वेळ जेवणापर्यंत. नंतर परतीची एसटी पकडायच्या ऐवजी ती एकदा या जिन्याने वर आली. खाली फलकावर 'प्रवेश खुला' असं लिहिलेलं होतं.

"घरी जाऊन काय करायचं," ती म्हणाली होती. "दीर हाय, जाऊ हाय, भिताड एकच हाय. हितं गार बसाय मिळतंय, कुणी कुठनं आली म्हणून इचारत न्हाय."

हे मात्र खोटं होतं. विचारत नव्हते, पण बघत होते. पस्तिशीतली विधवा, कपाळावर बारीक टिकली, पायांत स्वतःच्याच घरचे पैंजण, आणि एकटी. वकिलांच्या पत्नीने तिच्या शेजारून उठून दोनदा खुर्ची बदलली. ती मागच्या रांगेत, अण्णाप्पांच्या शेजारी बसायला लागली. तिथे कुणाची हरकत नव्हती.

इंग्रजी तिला थोडंच यायचं. पडद्याखालची अक्षरं ती सावकाश वाचायची आणि अर्धी सुटायची. मी एकदा विचारलं की हे चित्रपट तुम्हाला का आवडतात. आम्ही जिन्यात उभ्या होतो, खाली हमाल गुळाच्या ढेपा गाडीत चढवत होते.

"ह्यातल्या माणसास्नी कळत असतंय की आपण खड्ड्याकडं चाललोय," ती म्हणाली. "तरी जात्यात. आमच्याकडं पण जात्यात, पण कळत न्हाय असं सोंग करत्यात. हे बरं वाटतंय मला. सोंग न्हाय."

मी आजवर या चित्रपटांवर जे वाचलं आहे, आणि बरंच वाचलं आहे, त्यात याहून पटणारं फार थोडं सापडलं. पुस्तकांत युद्धाचा शीण असतो, शहरांची भीती असते, दिवे कमी लावून पैसे वाचवल्याच्या कथा असतात. ते सगळं खरं असेल. पण ते चित्रपट इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, गुळाच्या गोदामावर बसलेल्या माणसाला का धरून ठेवतात, याचं उत्तर त्यात नाही. आमचं गाव मोठ्याने बोलणारं. लग्न, भांडण, जमिनीचा वाद, सगळं रस्त्यावर, खणखणीत आवाजात. त्यामुळे पाहुण्याला वाटतं की इथे पोटात काही राहत नसेल. खरं उलटं आहे. जे मोठ्याने बोललं जातं ते बिनमहत्त्वाचं. महत्त्वाचं ते कुणी उच्चारत नाही. आणि त्या चित्रपटांतली माणसं नेमकं तेच, हळू आवाजात, सिगरेटच्या धुरातून, एकमेकांना सांगून टाकतात. त्यासाठी मी जात होते. सावल्यांसाठी नव्हे.

सरांच्या व्याख्यानांत एक खास भाग असायचा: घातकी स्त्री. हा भाग ते फार चवीने सांगत. ती कशी येते, कशी बघते, पुरुषाला कसं बुडवते. तिला ओळखायच्या खुणाही होत्या: ती कमी बोलते, ती कुणाकडे काही मागत नाही, तिचा भूतकाळ धूसर असतो. डॉक्टर खुशीत हसायचे. चित्रकार म्हणायचे, अशी एक तरी आयुष्यात यावी. दुसऱ्या एका रविवारी सरांनी साक्षीदारावर व्याख्यान दिलं. असा माणूस, ज्याने काही पाहिलं आहे, ज्याला गप्प बसणं सोयीचं आहे, आणि जो तरीही जिना चढून सांगायला जातो. "न्वारचं सगळं तेज त्या जिन्यात आहे," सर म्हणाले होते आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. स्वतःच्या आवाजाने त्यांचा आवाज नेहमीच भरून येत असे.

हंगाम उतरणीला लागला होता. ऊन तापायला लागलं होतं, ट्रॉल्या कमी झाल्या होत्या, तोडकऱ्यांची पालं उठायला लागली होती. त्या रविवारी राजश्री आली ती चित्रपट संपल्यावर, चहाच्या वेळी. बसली नाही. पदर खांद्यावर घट्ट घेऊन दाराशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. तिच्या दिराने पोलिसांत तक्रार दिली होती. मागच्या रविवारी दुपारी घरात कुणी नसताना राजश्रीने सामाईक कपाटातली चांदी काढून नेली, आणि त्याच्या बायकोने तिला कपाटाशी पाहिलं, असं त्याचं म्हणणं. घरचा धंदा तिच्या आणि दिराच्या नावे होता. ती चोर ठरली की आपोआप बाहेर पडणार होती. मुलीचं शिक्षण त्यातच होतं, डोक्यावरचं छप्परही.

"मागल्या रविवारी मी हितं हुतो," ती म्हणाली. "तुमी सगळ्यांनी बघितलंय. कुणी एकानं येऊन फौजदारास्नी एवढंच सांगायचं. दुसरं काय नको."

त्या खोलीत जी शांतता पसरली तशी शांतता कुठल्याच चित्रपटात सरांना मिळाली नव्हती. बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला. एक इंजिनिअर म्हणाले, मी पुढे बसतो, मागचं काय दिसणार. डॉक्टरांना दवाखाना होता. वकिलांनी अत्यंत सभ्यपणे समजावलं की अशा प्रकरणात त्यांनी साक्षीदार होणं व्यवसायाच्या दृष्टीने योग्य नाही. चित्रकारांनी खिडकीवरचं गोणपाट जरा बाजूला केलं आणि बाहेर बघितलं, तिथे काहीतरी घडत असल्यासारखं.

मग सर बोलले. "हे बघा राजश्रीताई, आमचं मंडळ कलेसाठी आहे. आपल्या घरगुती वादात मंडळाचं नाव येणं बरं दिसणार नाही. आपण समजून घ्याल."

तिने समजून घेतलं. मान हलवली आणि जिना उतरली. पैंजणांचा आवाज खालच्या पायरीपर्यंत ऐकू येत होता. तो थांबल्यावर सर आमच्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? ती बाई मला पहिल्यापासून जरा तशीच वाटली होती."

तशीच. एवढ्या खुणा शिकवल्या, त्या कुठेतरी वापरायला नकोत? कमी बोलते, काही मागत नाही. आणि आज पहिल्यांदा मागितलं, तर तेही तिच्या विरुद्धच. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. वकिलांच्या पत्नीने 'मी म्हणत नव्हते का?' अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं. त्या क्षणी मला त्या खोलीतला एकेक माणूस इतका लहान दिसला की राग यायलाही काही उरलं नाही. अंधाराचे शौकीन होते सगळे. फक्त तो पडद्यावर असायला हवा होता, परदेशी असायला हवा होता, आणि चहाच्या आधी संपायला हवा होता.

मी पिशवी उचलली आणि खाली धावले. ती एसटी स्टँडच्या दिशेने निघाली होती. मी तिला गाठून सांगितलं की उद्या सकाळी मी ठाण्यात येते. ती म्हणाली, "मॅडम, तुमास्नी तरास हुईल." मी म्हटलं, होऊ दे. आम्ही बोलत असतानाच मागून अण्णाप्पा धापा टाकत आले. ते झोपेत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. निदान त्या दिवशी तरी.

"मी पण येतो की तंगी," ते म्हणाले. तंगी म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटी बहीण. "गाडी माझी हाय. मॅडमना कशाला एसटीनं घालवायचं."

हुपरीच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या पुढे उसाने भरलेली शेवटची एखादी ट्रॉली डुलत चालली होती. दोन्ही बाजूंची शेतं मोकळी झाली होती, पाचट जळालेलं, काळी जमीन सकाळच्या उन्हात चकाकत होती. अण्णाप्पा सगळा वेळ कापडाच्या भावाबद्दल बोलत होते. मला वाटतं त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती. पोलीस ठाण्यात मी आयुष्यात तोवर गेले नव्हते.

फौजदार तरुण आणि कंटाळलेला होता. बाकावर राजश्रीचा दीर बसला होता, स्वच्छ इस्तरीचा शर्ट, हातात मोबाइल. मी सांगितलं की त्या दुपारी ती आमच्याबरोबर शाहूपुरीत होती, चित्रपट सुरू होण्यापूर्वी आली आणि संपल्यावर गेली. फौजदाराने विचारलं, अंधारात तुम्हाला नक्की कशी दिसली? प्रश्न रास्त होता. मी चाचरले. तेवढ्यात अण्णाप्पा पुढे सरकले.

"मी सांगतो की साहेब. मी तिथं झोपतोय. दर रविवारी. त्या दिवशी मी लई जोरात घोरत हुतो, तर ह्या बाईनं मला हलवून उठवलं. म्हणाली, दादा, लोक बघाय लागल्यात. मी उठलो, परत झोपलो, परत उठवलं. सगळा पिक्चर मला झोपू दिलं न्हाय तिनं. मला राग आलता. म्हणून ध्यानात हाय."

फौजदार हसला. कुठला पिक्चर होता, त्याने विचारलं.

"नवारीचा," अण्णाप्पा गंभीरपणे म्हणाले.

दिराने तेव्हा मोबाइल खिशात घातला. फौजदाराने त्याला बाजूला घेतलं, बराच वेळ बोलला, आणि खोट्या तक्रारीचे परिणाम काय असतात तेही सांगितलं असावं, कारण संध्याकाळी राजश्रीचा मला फोन आला: चांदी दुसऱ्या डब्यात सापडली म्हणे. जावेचीच चूक झाली, घाईत दिसलं नाही. माफी कुणी मागितली नाही.

त्या दिराबद्दल मला शौकिनांइतका तिटकारा कधी वाटला नाही, हे सांगितलं पाहिजे. त्याला काहीतरी हवं होतं. चांदी, घर, धंदा. हाव समजते. त्या माणसावर एखादा बरा चित्रपट निघेल. पण ज्यांना काहीच नको होतं, ज्यांचं काहीच जाणार नव्हतं, त्यांनी चहा गरम राहावा एवढ्यासाठी एक बाई जाऊ दिली. त्यांच्यावर कोणी कसला चित्रपट काढणार? पडद्यावर सावली पडायला आधी माणूस लागतो.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. सरांनी काही विचारलं नाही. दिवे मंद केले आणि 'नैतिक अंधार' या विषयावर बोलू लागले. मी मधेच उठले. अण्णाप्पांनी त्या महिन्यात खोली गुळाच्या व्यापाऱ्याला भाड्याने देऊन टाकली आणि मंडळ कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेलं. आता ते फोनमध्ये आहे. हजारो लोक बघतात म्हणे. बघोत बापडे.

मी अजून ते चित्रपट बघते, कसल्याही क्रमाशिवाय. दुपारी, पडदे न लावता, बाहेरचा आवाज येऊ देत. चेहरे नीट दिसत नाहीत, मग आवाज ऐकायला लागतो. एखादं वाक्य असं येतं की हातातली भाजी निवडायची राहून जाते. वाट कुणी दाखवावी लागत नाही. ज्याने एकदा एखाद्या खोलीत सगळ्यांना गप्प बसलेलं पाहिलं आहे, त्याला वाट ठाऊक असते.

सरांचा संदेश आला त्याच आठवड्यात मी हुपरीला गेले. राजश्रीची मुलगी आता नोकरीला लागली आहे, पुण्यात. घर तेच. सोप्यात चार बायका घुंगरं जोडत बसल्या होत्या, त्यांच्या बोटांना काळपट चकाकी आलेली. राजश्री खिडकीला पाठ करून पाटावर बसली होती. तिने मला शेजारी बसवलं, चहा सांगितला. आमचं मुलीबद्दल बोलणं चाललं होतं, तेवढ्यात आतल्या दारातून दीर आला. केस पिकले आहेत. मला त्याने ओळखलं आणि नमस्कार केला. कुठल्याशा मालाबद्दल त्याने तिला विचारलं, तिने सांगितलं. तो समोरच्या खुर्चीत बसला. त्यालाही चहा आला. आम्ही तिघांनी चहा प्यायला. हवा, ऊस, कारखान्याचा दर, असं काहीबाही बोललो. त्याने कप ठेवला आणि गेला.

मी तिला विचारलं, रोज असंच?

"रोज," ती म्हणाली. "धंदा एक हाय, भिताड एक हाय. कुठं जाणार?" मग तिने खिडकीकडे हात केला, तिच्या पाठीमागून येणाऱ्या उन्हाकडे. "तो आला की मी हितंच बसतोय, मॅडम. उजेड माझ्या पाठीमागं. त्याचं तोंड मला सगळं दिसतंय. माझं त्याला दिसत न्हाय."